वसाहतकालीन अमेरिकेतील एक जर्मन घराणे : वाइझर कुळाचा माग आणि 'मोहॉक आजी'ची कथा

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

माझ्या मुलीचे सासर पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीत आहे. जावयांच्या आईचे घराणे वसाहतीच्या काळात जर्मन मुलखातून तिथे आलेले असून, वसाहत सरकार आणि स्थानिक जमाती यांच्यात दुभाषी असलेला कॉनराड वाइझर हा आपला मूळपुरुष होता, असे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगितली जाते, ती अशी की वाइझरची बायको मोहॉक या स्थानिक अमेरिकी जमातीची होती आणि त्यामुळे या घराण्यात मोहॉक रक्त आहे. नातवंडे आता याबद्दल विचारू लागली आहेत, आणि त्यांना उत्तर द्यायचे तर ते कागदांच्या आधारे द्यावे, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे कुलवृत्तांत सिद्ध करणाऱ्यांनी एकेका पिढीसाठी तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि इनामांच्या सनदा पालथ्या घातल्या. तीच शिस्त या घराण्याच्या बाबतीत पाळली तर काय हाती लागते, ते इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी.

या घराण्याचे भाग्य असे की, कॉनराडने आपल्या कुळाची हकीकत स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याचा जन्म २ नोव्हेंबर १६९६ रोजी वुर्टेम्बर्गमधील हेरेनबर्ग परगण्यातल्या आफ्श्टेट या खेड्यात झाला. वडील योहान कॉनराड वाइझर हे ड्रॅगून, म्हणजे घोडेस्वार, पलटणीत होते, आणि पुढे घराण्याच्या मूळ गावी, म्हणजे ग्रोसआस्पाखला, परतले. आईचे नाव आना माग्दालेना, माहेरचे आडनाव युबेले. आजोबा याकोब आणि पणजोबाही याकोब. पैकी पणजोबा ग्रोसआस्पाखचे गावप्रमुख होते. आईकडचे आणि वडिलांकडचे सगळे पूर्वज अनादी काळापासून याच गावात जन्मले आणि याच गावात पुरले गेले, असे कॉनराड लिहितो. १७०९ साली सोळाव्या बाळंतपणात आई गेली, आणि त्याच वर्षी २४ जूनला वडिलांनी आठ मुलांना घेऊन गाव सोडले. थोरली मुलगी कात्रिना विवाहित होती, ती नवऱ्यासह मागे राहिली. घर, शेत, कुरण, द्राक्षमळा आणि बाग वडिलांनी तिच्या हवाली केली. त्या बदल्यात हातात पडले ते फक्त ७५ गुल्डन. उरलेले ६०० गुल्डन पुढे द्यायचे ठरले होते, ते कधीच मिळाले नाहीत, आणि अखेर ती रक्कम मुलीला दिली असेच समजण्यात आले. कुळाची माती सोडताना काय पदरात पडले आणि काय सुटले, याचा हिशेब इतक्या नेमकेपणाने एखाद्या स्थलांतरिताने लिहिलेला क्वचितच सापडतो.

तिथून पुढे लंडन, आणि १३ जून १७१० रोजी न्यू यॉर्क. इंग्लंडच्या राणी अ‍ॅनच्या सरकारने या लोकांना फुकट नेले नव्हते. हडसन नदीकाठी लिव्हिंग्स्टन यांच्या जहागिरीत राहून इंग्रजी आरमारासाठी पाइन वृक्षांपासून डांबर काढायचे आणि प्रवासाचा व पोटापाण्याचा खर्च फेडायचा, अशी अट होती. गव्हर्नर रॉबर्ट हंटर याच्या देखरेखीखाली हा उद्योग सुरू झाला आणि १७१२ च्या शरद ऋतूत पैशाअभावी बंद पडला. दरम्यान कॉनराडचे दोन धाकटे भाऊ, गेऑर्ग फ्रीडरिश आणि क्रिस्टोफ फ्रीडरिश, वडील आजारी असताना लाँग आयलंडवर कामाला बांधून (म्हणजे कराराने परक्या मालकाकडे) देण्यात आले आणि सर्वांत लहान भाऊ सहाव्या वर्षी वारला. वडिलांनी १७११ साली दुसरे लग्न केले. त्या सावत्र आईविषयी कॉनराडच्या मनात जी कटुता होती, ती त्याच्या लिखाणात उघड दिसते.

१७१२ च्या नोव्हेंबरअखेर, म्हणजे सोळा वर्षांचा असताना, कॉनराडला वडिलांनी क्वेनंट नावाच्या मोहॉक प्रमुखाबरोबर त्यांची भाषा शिकायला पाठवले. त्या हिवाळ्याचे त्याने केलेले वर्णन वाचून मन कळवळते : अंगावर धड कपडा नाही, थंडी कडाक्याची, आणि वसंत जवळ येऊ लागला तसा धान्याचा इतका तुटवडा, की यजमानांकडेच खायला काही नव्हते. जुलैअखेर तो परतला तेव्हा भाषेचा बराचसा भाग त्याला येऊ लागला होता. नंतर हे कुटुंब न्यू यॉर्क वसाहतीतल्याच स्कोहारीच्या खोऱ्यात वसले. तिथे वडिलांच्या घराजवळच मोहॉक कुटुंबे राहत असल्याने दुभाष्याचे काम त्याच्याकडे सतत येई, आणि तेही बिनमोबदला.

लग्नाविषयी तो लिहितो ते असे : वडील इंग्लंडला गेले असताना, २२ नोव्हेंबर १७२० रोजी, स्कोहारीतील वडिलांच्या घरी, रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाचे पाद्री योहान फ्रीडरिश हेगर यांनी माझे आना ईवाशी लग्न लावले. तिचे आडनाव किंवा जात-जमात तो सांगत नाही, आणि नेमक्या या जागी कुटुंबातली मोहॉक आजीची कथा शिरते. माझे प्रश्न दोन आहेत. आना ईवाविषयी कागद काय सांगतात? आणि नातवंडांपासून मागे जात १७१० पर्यंत पोहोचायचे असेल, तर कोणत्या नोंदी कोणत्या क्रमाने पाहाव्यात?

दफ्तरदार

धागा अत्यंत महत्त्वाच्या विषयावर आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आना ईवा ही फेक किंवा फेग घराण्यातली, म्हणजे जर्मन स्थलांतरितांपैकीच एका कुटुंबातली मुलगी होती. तिचे माहेर वाइझरांच्याच बरोबरीने स्कोहारीत वसलेले होते आणि पुढे पेनसिल्व्हेनियातील टल्पहॉकनच्या खोऱ्यातही फेग आडनावाचे लोक त्यांच्या शेजारी दिसतात. एकाच तांड्यातली कुटुंबे एकमेकांत सोयरिकी करत आणि एकत्रच जागा बदलत, त्यामुळे शेजाऱ्यांची नावे पाहणे हा वंशशोधातला निम्मा पुरावा असतो.

आता १७०९-१० च्या कागदांविषयी. १७०९ च्या उन्हाळ्यात ऱ्हाइनच्या खोऱ्यातून आणि नैर्ऋत्य जर्मनीतून सुमारे १३,००० लोक लंडनला पोहोचले. फ्रेंच फौजांनी वारंवार केलेली नासधूस, लढायांचे कर, आणि १७०८-०९ चा भीषण हिवाळा, ज्यात द्राक्षवेली मुळापासून गोठल्या, ही कारणे त्यामागे होती. शिवाय पाद्री योशुआ कोखरथाल याने कॅरोलायना वसाहतीची स्तुती करणारे पुस्तक छापले होते. त्यावर राणी अ‍ॅनचे चित्र आणि सोनेरी अक्षरे असल्याने ते 'सोनेरी पुस्तक' म्हणूनच ओळखले गेले. या सर्व लोकांना इंग्रज सरसकट 'पॅलाटाइन' म्हणत, मग ते खरोखर ऱ्हाइनकाठच्या पॅलाटिनेट प्रांताचे असोत, हेसेनचे असोत की वाइझरांसारखे वुर्टेम्बर्गचे. कागदावर 'पॅलाटाइन' दिसले म्हणून पॅलाटिनेटच्या गावोगावच्या नोंदी धुंडाळण्यात पुष्कळांची वर्षे वाया जातात, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

त्या लोकांच्या नोंदी सुदैवाने अनेक आहेत. लंडनमध्ये कुटुंबप्रमुखांच्या याद्या झाल्या, त्यांत वय, धंदा, धर्मपंथ आणि मुलांची संख्या आहे. न्यू यॉर्कला आल्यावर गव्हर्नर हंटरने शिधा दिलेल्या कुटुंबांचे हिशेब ठेवले. त्यात प्रौढ किती आणि दहा वर्षांखालील मुले किती, हे तारखेनिशी आहे. एखाद्या घरात एका हिशेबापासून पुढच्या हिशेबापर्यंत माणसांचा आकडा घटला, तर मृत्यू किंवा मूल बांधून देणे, यांपैकी काहीतरी घडले असे धरून शोध घ्यावा लागतो. बांधून दिलेल्या मुलांची वेगळी यादीही आहे. छपाईकार विल्यम ब्रॅडफर्डकडे दिलेला योहान पेटर झेंगर हा याच मुलांपैकी एक होता, आणि १७३५ च्या ज्या खटल्याचा दाखला वृत्तपत्र-स्वातंत्र्याच्या इतिहासात हटकून दिला जातो, तो याच झेंगरवरचा. याशिवाय पाद्री कोखरथालची विवाह-बाप्तिस्म्याची वही आहे. उलरिख झिमेंडिंगर या परत गेलेल्या माणसाने १७१७ च्या सुमारास न्यू यॉर्क वसाहतीत मागे राहिलेल्या कुटुंबांची यादी जर्मनीत छापली, तीही आहे.

यांत एक सावधगिरी हवी. कॉनराडने दहा जहाजांत सुमारे ४,००० माणसे होती असे लिहिले आहे. सरकारी कागदांवरून न्यू यॉर्ककडे निघालेल्यांचा आकडा जवळपास ३,००० येतो, आणि त्यांतलेही कित्येक शेकडा वाटेत किंवा उतरल्यावर लगेच तापाने गेले. कॉनराड तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याच्या हकिकतीतील नाती, गावे आणि घरचा हिशेब यांवर मी पूर्ण विश्वास ठेवतो. जमावाच्या आकड्यांसाठी सरकारी हिशेब पाहतो.

पाइनवन

दफ्तरदार यांच्या मांडणीबद्दल आदर आहे, तरीही मौखिक परंपरा इतक्या चटकन बाजूला सारू नये असे वाटते. कागद लिहिणारे पाद्री आणि अधिकारी युरोपीय होते. स्थानिक जमातीची स्त्री बाप्तिस्मा घेऊन घरात आली, तर तिचे मूळ नाव पुसले जाणे अगदी शक्य होते. वाइझरला मोहॉक भाषा इतकी उत्तम येत होती आणि मोहॉक व इतर जमातींच्या इरोक्वा महासंघाच्या सभांत त्याला इतका मान होता, की त्यामागे घरातले नाते असावे, हा तर्क अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही.

कृष्णाकाठ

पाइनवन, आपला मुद्दा रास्त आहे. पुसल्या गेलेल्या स्त्रियांची नावे शोधणे हे वंशशोधातले सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक काम आहे, हे मला मान्य आहे. पण या बाबतीत काळाचा क्रम तर्काच्या विरुद्ध जातो. भाषा तो १७१२-१३ च्या हिवाळ्यात शिकला, लग्न १७२० साली झाले. भाषा आणि ओळखी या दोन्ही लग्नाच्या सात-आठ वर्षे आधीच्या आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी सासरच्या नात्याची गरज उरत नाही. शिवाय ज्या माणसाने क्वेनंटचे नाव, त्या घरातली उपासमार आणि शेजारच्या मोहॉक कुटुंबांचे अंतरही लिहून ठेवले, त्याने बायकोचे माहेर मोहॉक असते तर लपवले असते, असे मला वाटत नाही. उलट, पेनसिल्व्हेनियाच्या राजकारणात ती बाब त्याला उपयोगीच पडली असती.

कथेचा उगम कुठे असावा, याबद्दल माझा कयास असा : इरोक्वा लोकांनी कॉनराडला आपले मानून 'ताराखियावागोन', म्हणजे आकाश तोलून धरणारा, असे नाव दिले होते. त्यांच्याकडे परक्याला विधिपूर्वक कुळात घेण्याची रीत होती. तो मान कॉनराडला मिळाला, आणि नातवंडा-पतवंडांच्या तोंडी तो रक्ताच्या नात्यात बदलला असावा. म्हणजे मुलांना सांगण्यासारखी खरी गोष्ट आहेच, फक्त ती दत्तक नात्याची आहे.

दफ्तरदार

या प्रश्नाचा निकाल जनुकीय चाचणीने लावता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात, म्हणून लिहितो. आना ईवापासून आजच्या मुलांपर्यंत साधारण दहा पिढ्या होतात. दहाव्या पिढीत एका पूर्वजाचा वाटा सरासरीने १,०२४ पैकी एक, आणि प्रत्यक्षात तो शून्यही असू शकतो. त्यामुळे घरोघरी मिळणाऱ्या चाचणीत स्थानिक अमेरिकी अंश आला नाही, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. मात्र आईकडून मुलीकडे अखंड जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए वेगळा. आना ईवाची मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी, अशी न तुटलेली साखळी आज जिच्यापर्यंत येते, तिच्या चाचणीत युरोपीय मातृवंश निघाला तर कथा संपते, आणि ए, बी, सी किंवा डी गटांपैकी अमेरिकी शाखा निघाली तर सगळे पुन्हा तपासावे लागेल. प्रश्न एका स्त्रीचा आहे, तेव्हा साखळीही स्त्रियांचीच हवी.

मोडीवाचक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे नोंदींच्या क्रमाबद्दल, थोडे सविस्तर लिहितो, कारण जर्मन चर्चच्या वह्या वाचण्यात मी बरीच वर्षे घालवली आहेत.

सुरुवात आजच्या पिढीपासून मागे करावी, आणि अटलांटिक ओलांडण्याची घाई करू नये. प्रथम अमेरिकी बाजूची मृत्युपत्रे, जमिनीची खरेदीखते, थडग्यांवरील लेख आणि लुथरन व रिफॉर्म्ड चर्चच्या वह्या संपवाव्यात. कॉनराडला चौदा अपत्ये झाली, त्यांपैकी सातच मोठी झाली; त्यामुळे आपला धागा नेमक्या कोणत्या मुलाला जाऊन मिळतो, हे मृत्युपत्रांवरून ठरवता येते. वाइझर घराण्याच्या संघटनेने मोठी वंशावळ छापलेली आहे, तिची मदत होईल; पण तिथल्या प्रत्येक दुव्याचा मूळ कागद स्वतः पाहावा.

ज्यांचे पूर्वज वाइझरांसारखे १७१० साली न्यू यॉर्कला न येता नंतर फिलाडेल्फियाला उतरले, त्यांच्यासाठी १७२७ ही सीमारेषा आहे. त्या वर्षापासून पेनसिल्व्हेनिया सरकारने परदेशी, म्हणजे मुख्यतः जर्मन, पुरुषांकडून जहाजातून उतरताच शपथ घेण्यास सुरुवात केली. काही जहाजांच्या बाबतीत तीन-तीन याद्या टिकल्या आहेत : कप्तानाने दिलेली प्रवाशांची यादी, राजनिष्ठेच्या शपथेवरील सह्या, आणि इंग्लंडच्या गादीवरील कॅथलिक दावेदाराचा हक्क नाकारणाऱ्या शपथेवरील सह्या. कप्तानाच्या कारकुनाने इंग्रजी कानाने नाव ऐकून वाटेल तसे लिहिलेले असते. सह्यांच्या यादीत मात्र माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेले नाव सापडते. ज्याला लिहिता येत नसे, तो फुली किंवा आद्याक्षर काढी आणि कारकून त्याभोवती नाव लिही. एकाच माणसाची तीन यादींतली तीन रूपे शेजारी ठेवून पाहिली, की पुढे मिलर झालेला म्यूलर आणि स्नायडर झालेला श्नायडर ओळखू येतो. या याद्यांत सोळा वर्षांवरील पुरुषच प्रामुख्याने आहेत. बायका-मुलांसाठी पुन्हा चर्चच्या वह्यांकडेच जावे लागते.

जर्मन बाजूला वुर्टेम्बर्गमध्ये चर्चने नोंदवह्या ठेवण्याचा नियम सोळाव्या शतकाच्या मध्यापासूनचा आहे, परंतु तीस वर्षांच्या युद्धात, म्हणजे १६१८ ते १६४८ दरम्यान, असंख्य वह्या जळाल्या किंवा लिहिल्याच गेल्या नाहीत. ज्या आहेत, त्या जुन्या जर्मन धावत्या लिपीत आहेत. मोडीप्रमाणेच तिच्यातही अक्षरे सुटी शिकून भागत नाही, हाताची ढब ओळखावी लागते.

एक नोंद कशी वाचायची, ते सांगतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, मुलाचे नाव, आई-वडील आणि धर्मपालक, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची हमी घेणारे, येतात. मुलाला दोन नावे असतात आणि हाक बहुधा दुसऱ्या नावाने मारली जाते. एका घरात योहान गेऑर्ग, योहान फिलिप आणि योहान पेटर असे तीन भाऊ असतात, आणि अमेरिकेत ते जॉर्ज, फिलिप आणि पीटर म्हणून दिसतात. 'योहान' पाहून तो अमेरिकेतला जॉन असावा असे धरले, तर माग तिथेच चुकतो. ज्याचे नाव नुसते योहानेस असे लिहिले आहे, तो मात्र जॉनच. स्त्रीच्या आडनावाला शेवटी 'इन' जोडलेले असते, ते काढून मूळ आडनाव घ्यावे. आणि धर्मपालकांची नावे कधीही सोडू नयेत : मूल त्यांच्याच नावावरून ठेवलेले असते, ते बहुतेकदा आईचे किंवा वडिलांचे भाऊबहीण असतात, आणि जिथे आईचे माहेर कुठेच लिहिलेले नसते, तिथे ते याच ओळीतून उघड होते.

तारखांचेही भान ठेवावे. जर्मनीतील प्रोटेस्टंट राज्यांनी १७०० साली नवे पंचांग स्वीकारले. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींनी १७५२ पर्यंत जुनेच चालवले. मधल्या काळात दोहोंत अकरा दिवसांचे अंतर आहे, आणि इंग्रजी कारकुनाचे वर्ष २५ मार्चला बदलत असल्याने जानेवारी-फेब्रुवारीतील नोंदी एक वर्ष मागे दिसतात.

तंजावरची_लेक

या वंशावळीतील एक फांदी आपल्या इतिहासाजवळून जाते, म्हणून लिहिते. कॉनराडची मुलगी आना मारिया हिचे लग्न १७४५ साली लुथरन पाद्री हाइनरिश मेल्शिओर म्यूलेनबर्ग यांच्याशी झाले. त्यांना अमेरिकेला पाठवले ते जर्मनीतील हाले येथील फ्रांके यांच्या संस्थेने, आणि त्यापूर्वी भारतातील मिशनसाठीही त्यांचा विचार झाला होता. हीच संस्था तमिळ मुलखातील तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत पाद्री पाठवत असे. १७५० साली तिथे आलेले ख्रिश्चियन फ्रीडरिश श्वार्ट्झ हे हालेचेच, आणि तंजावरचे सरफोजीराजे भोसले यांना त्यांनीच वाढवले व शिकवले. सरफोजीराजांनी या गुरूसाठी इंग्लंडमधून घडवून आणलेले संगमरवरी स्मारक तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. म्हणजे वाइझरांचा जावई आणि सरफोजीराजांचा गुरू एकाच संस्थेतून, अवघ्या काही वर्षांच्या अंतराने, पृथ्वीच्या दोन टोकांना गेले. हालेच्या दप्तरखान्यात पेनसिल्व्हेनियाहून आलेली आणि तमिळ मुलखातून आलेली अशी दोन्हीकडची पत्रे जतन केलेली आहेत. म्यूलेनबर्ग यांची पत्रे आणि रोजनिशी वाइझर घराण्याच्या नात्यांसाठी पाहायलाच हवीत.

आना मारियाचा मुलगा फ्रेडरिक १७८९ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती झाला, पीटर स्वातंत्र्ययुद्धात सेनानी झाला, आणि हेन्री हा नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होता. पीटरने वेदीवर झगा उतरवून आतला लष्करी गणवेश दाखवला, ही प्रसिद्ध कथा त्याच्या नातलगाने १८४९ साली लिहिलेल्या चरित्रातून पसरली. तिलाही मोहॉक आजीच्या कथेइतक्याच काळजीने तपासावे.

पाइनवन

आना ईवाबद्दलचा काळाचा मुद्दा मला पटला. पण मग कुळाच्या इतिहासात स्थानिक लोक केवळ भाषा शिकवणारे म्हणून येऊ नयेत, एवढे सांगावेसे वाटते. १७२३ साली स्कोहारीतील जर्मन कुटुंबे सस्कहॅना नदीने खाली येऊन टल्पहॉकनला वसली, आणि १७२९ साली कॉनराड बायको व चार मुलांसह तिथे आला. ती जमीन लेनापे या स्थानिक जमातीच्या लोकांची होती आणि त्यांनी ती तोवर विकलेली नव्हती. त्यांचा प्रमुख सासूनन याने १७२८ साली फिलाडेल्फियात येऊन तशी उघड तक्रार केली. खरेदीचा करार झाला तो १७३२ साली. स्कोहारीत आपल्याच जमिनीवरून हुसकले गेलेले लोक इथे दुसऱ्याच्या जमिनीवर बसले, आणि पुढे दुभाषी म्हणून कॉनराडने ज्या तहांत भाग घेतला, त्यांतल्या काहींनी लेनापे लोकांना आणखी पश्चिमेकडे ढकलले.

कृष्णाकाठ

पाइनवन, हे मी नातवंडांसाठी लिहीत असलेल्या वृत्तांतात ठळकपणे घालणार आहे. जमिनीच्या खरेदीखतांच्या प्रकरणातच त्याची जागा आहे, म्हणजे पहिल्या खरेदीखताच्या आधी ती जमीन कोणाची होती, हे त्याच पानावर येईल.

दफ्तरदार आणि मोडीवाचक यांनी सांगितलेल्या क्रमाने पुढचे काम ठरवले आहे. विहीणबाईंच्या आईच्या बाजूने वर जाताना चार पिढ्यांपर्यंत साखळी स्त्रियांचीच आहे. ती तशीच अखंड आना ईवाच्या एखाद्या मुलीपर्यंत पोहोचते का, हे आधी मृत्युपत्रांतून पाहते. पोहोचत असेल, तर मायटोकाँड्रियल चाचणीला विहीणबाई स्वतः तयार आहेत. मोडीवाचक, बर्क्स काउंटीतील चर्चच्या वहीतली १७७० च्या सुमाराची एक बाप्तिस्म्याची नोंद मला लागत नाही. आईचे आडनाव पुसट आहे, पण दोन्ही धर्मपालकांची नावे स्वच्छ वाचता येतात. आपली हरकत नसेल तर तिचे छायाचित्र व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

मोडीवाचक

अवश्य पाठवा. त्याच वहीतील आधीची आणि नंतरची दोन-दोन पानेही पाठवा, म्हणजे त्या पाद्रीची ढब लक्षात येईल. आणि ते धर्मपालक स्वतः आई-वडील म्हणून जिथे आले असतील, त्या नोंदीही शोधून ठेवा.